हत्तिणीला धक्का

"मी इथवर आले हेच पुष्कळ झालं," आई म्हणाली आणि काकांच्या फाटकाचा खांब धरून उभी राहिली. "तुम्ही जा आत. बघा, ठोका, हवं तर कडेवर घ्या तिला. मी इथूनच बघते."

थोरलीने मान हलवली. आईला ओढून आत नेण्यात अर्थ नव्हता. काकांच्या दारात ती आज इतक्या वर्षांनी आली होती, आणि तीही 'तुझं मत सांगायला तुला यावंच लागेल' असं थोरलीने चार दिवस कानीकपाळी ओरडल्यावर. धाकटा भाऊ आणि त्याची बायको पुढे झाले. थोरली मागून आत गेली.

शेडच्या पत्र्याखाली हत्तीण उभी होती.

हे नाव बाबांनी ठेवलेलं. राखाडी रंग, रुंद कपाळ, मिचमिचे दिवे आणि कशाचीही घाई नसलेली चाल. बाबा आणि काका या दोघा भावांनी मिळून रोपवाटिका उभी केली, तेव्हा ही पिकअप गाडी त्यांनी जुनीच विकत घेतली होती. म्हणजे ती घरात आली तीच प्रौढ होऊन. पुढे भावाभावांत बिनसलं. वाटणीत जमीन बाबांकडे राहिली आणि हत्तीण काकांकडे गेली. काकांनी तिच्यावर विटा वाहिल्या, वाळू वाहिली, लोकांची बिऱ्हाडं वाहिली. आता बाबा नव्हते. काकांचे डोळे अधू झाले होते, आणि डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की यापुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

हत्तीण विकायची ठरली, तशी थोरलीने ती मागितली. काकांनी काकूकरवी उलट निरोप धाडला: भंगारवाला जेवढे देतोय तेवढेच तुम्ही द्या, वर एक छदाम नको. पण घरातल्या एकाचं जरी तोंड वाकडं असेल, तर गाडी भंगारात जाईल. अर्ध्या मनाने नेलेली गाडी रस्त्यात सोडली जाते.

"म्हणजे नाहीच द्यायची त्यांना," धाकटा तेव्हाच म्हणाला होता. "आपल्या घरात चहात साखर किती यावरसुद्धा एकमत होत नाही."

आता काका शेडच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. पांढरा शर्ट, नाकावर जाड चष्मा, हातात काठी. जणू परीक्षेला बसलेल्या पोरांवर नजर ठेवायला बसले आहेत. काकू दारात उभ्या होत्या. थोरलीला बघून त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, 'ती कुठेय?' थोरलीने मागे फाटकाकडे बोट केलं. काकूंनी कपाळाला हात लावला.

"तर मग," काका म्हणाले, "कोणाचं काय म्हणणं आहे? भंगारवाला येईलच एवढ्यात."

"माझं म्हणणं मी मोकळेपणी सांगतो, काका," धाकट्याने सुरुवात केली. तो विम्याच्या कचेरीत होता आणि घरातही तसंच बोलायचा, समोरच्याने नुकताच अपघात केल्यासारखं. "ही गाडी भावनेची आहे, कामाची नाही. ताईला वाहन हवंय ना? मग नवा छोटा टेंपो घ्यावा. हप्ते भरू. खालून गंजलेली गाडी घेऊन रोज देवाचं नाव घेत फिरण्यात काय शहाणपण आहे?"

"नव्या टेंपोत नीलमोहर मावतात का?" सुनेने मध्येच विचारलं.

धाकटा वळला. बायको आपल्या बाजूची आहे हे तो घरून निघतानाच गृहीत धरून आला होता.

"कसले नीलमोहर?"

"अहो, कसले काय? माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपुढे उभे आहेत ते. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या खिडकीतून रस्ता दिसायचा. आता भर दुपारी दिवा लावून भाजी चिरते मी." ती काकांकडे वळली. "काका, ती झाडं जर या गाडीतून जाणार असतील, तर माझा होकार लिहून घ्या. गाडीच कशाला, ती जाणार असतील तर मी उंटाच्या पाठीलाही हो म्हणेन."

काकू फिसकन हसल्या. काकांच्या मिशीतही काहीतरी हललं, पण त्यांनी ते परत जागेवर बसवलं.

नीलमोहरांचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ती झाडं आईने बियांपासून वाढवलेली. रोपं होती तेव्हा विकली गेली नाहीत, आणि मोठी झाल्यावर हलवायची कशी हा प्रश्न पडला. मग अर्ध्या कापलेल्या पिंपांत ती तशीच वाढत राहिली, पार छपराच्या वर गेली. आता गावाबाहेर नवा दवाखाना उभा राहत होता. त्यांच्या आवाराला तयार, उंच, सावली देणारी झाडं हवी होती, आणि त्यांनी सगळीच्या सगळी ठरवून टाकली होती. रोपवाटिकेला एवढं मोठं काम आजवर मिळालं नव्हतं. थोरलीने भाड्याची गाडी बोलावून पहिली तीन झाडं धाडली. त्या ड्रायव्हरने ती सरपणासारखी आडवी रचली, वर ताडपत्री आवळली आणि खड्डे न बघता गाडी हाणली. तिन्हींचे शेंडे मोडले. दवाखान्याच्या माणसाने ती परत पाठवली आणि वर म्हणाला, बाकीची धड येणार असतील तरच आणा.

मोडके शेंडे आईनेच उतरवून घेतले होते.

"खालून गंजलीय म्हणालास ना?" थोरली भावाला म्हणाली. "चल, खालून बघू."

"मी? या शर्टात?"

"शर्ट धुता येतो."

तिने शेडमधली दोन रिकामी पोती गाडीखाली सरकवली, टॉर्च आणि एक पाना घेतला आणि पाठीवर झोपून आत शिरली. क्षणभराने धाकटाही कुरकुरत आत आला. दोघं बहीणभाऊ हत्तिणीच्या पोटाखाली शेजारी शेजारी उताणे पडले. लहानपणी ऊन लागलं की याच पोटाखाली बसून ते गोट्या खेळायचे. धाकट्याला ते आठवलं की नाही कोण जाणे, पण त्याचा आवाज एकदम उतरला.

"कसं कळतं गंजलेलं?"

"ठोकून बघ. ठणकन वाजलं तर लोखंड आहे. भस्स वाजलं तर नुसता गंज."

त्याने मधल्या जाड पट्टीवर पाना मारला. ठण्ण. थोडं पुढे. ठण्ण. मग तो थांबला.

"ताई, एक विचारू? गाडी घेतली, की जागा विकायचा विषय संपला ना?"

थोरलीने टॉर्च खाली केली. बाबा गेल्यावर तिने शहरातली नोकरी सोडून रोपवाटिका हातात घेतली, तेव्हा सगळ्यांनी हेच धरलं होतं, की एखादं वर्ष ती निस्तरेल आणि मग जागा विकून सगळे मोकळे होतील. तिने कधी हो म्हटलं नव्हतं. पण नाहीही म्हटलं नव्हतं.

"संपला," ती म्हणाली.

"मग तसं सरळ सांग की. हत्तिणीच्या आडून कशाला सांगतेस?"

"बरं, सरळ सांगते. मला ती जागा विकायची नाही. मी आता तिथून हलणार नाही. पण तुला मी तिथे बांधून ठेवणार नाही. तू कचेरीत सुखी आहेस ना? मग तिथेच राहा. मला फक्त तुझा पाठिंबा हवाय. जागेवर तुझाही हक्क आहे, म्हणून आधी तुला विचारते."

त्याने पुन्हा पाना उचलला. नुसता ठोकत राहिला. ठण्ण. ठण्ण. मागच्या चाकापाशी एका ठिकाणी भस्स झालं, तसा तो दचकला.

"तो नुसता चाकाचा चिखल अडवायचा पत्रा आहे," थोरली म्हणाली. "तो बदलता येतो."

"माझ्या हातून साधी कोथिंबीर जगत नाही," धाकटा वर बघतच म्हणाला. "बाबा मला रोपं द्यायचे आणि मी ती मारायचो. मला वाटायचं, ही जागा माझ्यावर हसते. तू ती चालवतेस म्हणून मला राग नाही. मला आपलं वाटत होतं, तूही आज ना उद्या कंटाळशील."

"नाही कंटाळले."

"ते दिसतंय." त्याने गाल पुसला आणि हाताचं काळं सगळं गालावर आलं. "हे बघ, ब्रेकच्या नळ्या नव्या घालायच्या. आधी नळ्या, मग लांबच्या खेपा. यात घासाघीस नाही."

"नाही."

"आणि विमा मी उतरवणार."

"तू नाही तर कोण उतरवणार?"

बाहेर आल्यावर धाकट्याच्या शर्टाची पाठ बघून सुनेने डोळे मिटून घेतले. तो मात्र काकांपुढे ताठ उभा राहिला.

"सांगाडा ठणठणीत आहे. माझा होकार."

काकांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. थोरलीला वाटलं, ते खूश होतील. पण त्यांचा चेहरा उलट जरा पडल्यासारखा झाला. "आणि ती?" त्यांनी फाटकाकडे न बघता विचारलं.

थोरली फाटकाशी गेली. आईने खांब सोडला नव्हता.

"दोघं झाले वाटतं," आई म्हणाली. "सुनेचं मी ऐकलं. खिडकी म्हणे! माझ्या झाडांनी हिची खिडकी अडवली."

"अडवलीच आहे, आई."

"असू दे. सावली पडते म्हणावं." आई जरा थांबली. मग तिचा आवाज बदलला. "वाटणी झाली त्या उन्हाळ्यात तुझा बाप सायकलवरून रोपं पोचवत होता. दोन पुढे, दोन मागे. गाडी गेली, तशी गिऱ्हाइकंही गेली. उरलेली रोपं वाफ्यात जळत होती, आणि मी पाण्याची झारी घेऊन नुसती मधे उभी. आणि ही बया आपल्याच दारावरून जायची. विटा भरून. रोज. हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही तो. तुला आठवत नसेल."

"आठवतंय."

"मग?"

"मी विसर म्हणत नाही. तुला काकांशी बोलायचं नसेल, तर नको बोलूस. त्यांच्याकडचा चहा घेऊ नकोस. मी विचारते ते फक्त नीलमोहरांचं. भाड्याच्या गाडीत तिन्हींची काय गत झाली, हे तू बघितलंस. उंच फळ्यांची दुसरी गाडी मिळत नाही, आणि मिळाली तरी चालवणारा परका. त्याला काय, झाड काय नि सळई काय."

"आणि ही कोण चालवणार?"

"मी."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. मोठ्या गाडीचा परवाना थोरलीने गेल्या वर्षी काढला, तेव्हा आई म्हणाली होती, 'या वयात काय ही नसती हौस.' आता तिने तसं काही म्हटलं नाही. पदर खोचला आणि फाटकातून आत आली.

काकांच्या खुर्चीवरून ती अशी गेली, जणू तिथे खुर्चीच नव्हती. गाडीच्या मागे जाऊन तिने फळ्यांवरून हात फिरवला. त्या उंच लाकडी फळ्या बाबांनी बसवल्या होत्या. वाळू वाहण्यासाठी काकांनी त्या कधीच काढून टाकल्या असत्या तर चाललं असतं, पण काढल्या नव्हत्या. आईने कोपरापासून बोटांपर्यंत हात लावून फळी मापली. मग आतली रुंदी.

"पिंपं सरकतील."

"दोराने बांधू," थोरली म्हणाली.

"दोराने खोड सोलतं."

"आधी पोतं गुंडाळू. वर दोर."

"हं." आई मागे सरकली, पुढे झाली. "आणि झाडं उभीच न्यायची? हलणार नाहीत?"

"हळू चालवलं तर नाही."

"हळू म्हणजे किती, ते तू सांगणार आणि झाडं सोसणार." आई सुनेकडे वळली. "जा गं, स्टूल आण."

स्टूल आलं. सुनेने एका बाजूने आणि काकूंनी न बोलावता दुसऱ्या बाजूने धरलं. आई सावकाश वर चढली, गाडीच्या मधोमध उभी राहिली आणि पाय जरा फाकवून तिने हात अंगाशी घेतले.

"मी झाड," ती म्हणाली. "चालव. आपल्या घरापर्यंत न्यायचं. मी पडले नाही, तर माझी झाडंही पडणार नाहीत. मग घे गाडी."

"आई, अगं काहीतरीच!" धाकटा ओरडला. "वयाचा काही विचार?"

"तू विमा उतरव माझा," आई म्हणाली. मग तिने मान वळवली आणि काकांकडे थेट पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"भाऊजी, चावी."

काका उठून उभे राहिले. त्यांनी खिशात हात घातला. चावी बाहेर काढायला त्यांना वेळ लागला, पण ती त्यांनी थोरलीच्या हातावर ठेवली.

नेमक्या त्याच वेळी भंगारवाला फाटकातून आत आला. गोल पोटाचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. "राम राम मंडळी! अरे वा, माल भरून पण ठेवला वाटतं?" आईकडे बघत तो म्हणाला, पण आईची नजर बघून लगेच गप्प झाला.

थोरली ड्रायव्हरच्या जागेवर बसली. आसनाची स्प्रिंग तिला ओळखीची होती. तिने चावी फिरवली.

कट्. एवढाच आवाज. पुन्हा फिरवली. कट्. तिसऱ्यांदा तर तेही नाही.

"बॅटरी बसलीय," भंगारवाला जाणकारासारखा म्हणाला. "होतं असं. म्हाताऱ्या गाड्यांचं हे असंच."

काका एकदम मोकळे झाल्यासारखे बोलू लागले. "बघितलंत? तिलाच यायचं नाही. मी म्हटलं होतं ना? जाऊ दे. उतरा वहिनी तुम्ही. चावी दे इकडे, पोरी."

थोरली खाली उतरली. तिने चावी दिली नाही.

"काका, तुम्हीच म्हणालात ना, सगळ्यांचं एकमत झालं तर गाडी आमची? झालंय. आई वर चढलीय. आणखी काय हवं?"

"माझं मत विचारलं कोणी?" काका ओरडले. त्यांचा आवाज फाटला. "मी घरातला नाही? भावाच्या घरातला नाही मी? सगळे हो म्हणाले, पण मी म्हटलंय का हो? मला वाटलं होतं, तुमचं काही जमणार नाही. तुमचं कधी जमलंय का! मी आपला रोज सकाळी तिच्यात बसून पेपर वाचतो. दिसत नाही मला धड, तरी वाचतो. ती गेली तर मी बसू कुठे?"

काकू पुढे आल्या. "अहो, म्हणजे ती अट तुम्ही यासाठी घातलीत? आणि मग भंगारवाल्याला कशाला बोलावलंत?"

"तो काय, त्याला मी नाहीच म्हणणार होतो."

"ऑं?" भंगारवाला म्हणाला.

थोरलीला हसू आलं. समोर काठी घेऊन उभा असलेला हा माणूस तिला आता परीक्षक वाटेना. खेळणं सोडायला तयार नसलेलं मूल वाटू लागलं. बोलून हे सुटणार नव्हतं. ती परत गाडीत बसली.

"धक्का मारा," ती खिडकीतून म्हणाली. "फाटकापलीकडे उतार आहे. तिथवर नेली की होईल."

धाकट्याने बाह्या वर केल्या. सुनेने ओढणी कमरेला बांधली. काकूंनी नवऱ्याकडे एकदा रागाने पाहिलं आणि त्याही मागे गेल्या. आई वरून म्हणाली, "थांबा, माझं वजन कशाला?" आणि स्टूलवरून उतरून तीही फळीला हात लावून उभी राहिली. दोघी जावा खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या, आणि दोघीही एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"हं, एक, दोन..."

हत्तीण हलेना. मग हलली. एक वीत, दोन वीत, आणि मग चाकांनी मातीतला खळगा सोडला. फाटकातून नाक बाहेर आलं. थोरलीने गिअर टाकून क्लच सोडला. गाडीला मोठा हिसका बसला, चाकं जागीच अडकली आणि मागच्या सगळ्यांची डोकी फळ्यांवर आपटली.

"मेलो!" धाकटा ओरडला.

पुन्हा ढकललं. पुन्हा हिसका. उतार अजून चार हात पुढेच होता आणि सगळे धापा टाकत होते. थोरलीच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. 'आता एकदा,' तिने स्वतःला बजावलं, आणि गिअरच्या दांडीला हात घातला.

"दुसऱ्यात टाक!"

काकांची आरोळी होती ती. ते काठी टेकत फाटकाकडे येत होते आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"दुसऱ्यात टाक म्हणतो! पहिल्यात टाकून तिचे दात पाडतेस का? धक्का मारताना कोणी पहिल्यात टाकतं? आणि क्लच असा एकदम नाही सोडायचा, आधी वेग घेऊ दे तिला. काय शिकवलं तुला कोणी? सरका! सरका तुम्ही सगळे! असं मधे नाही ढकलायचं, कडेला खांदा लावा, कडेला!"

त्यांनी काठी अंगणात भिरकावून दिली. चष्मा काढून शर्टाच्या खिशात टाकला. मग ते गाडीच्या मागच्या कोपऱ्याला आपला खांदा लावून वाकले. बरोबर त्या जागी, जिथे रंग उडून लोखंड गुळगुळीत झालं होतं.

"अहो, तुमचा होकार की नकार?" काकूंनी विचारलं.

"ढकला आधी!"

भंगारवाल्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. "धंदा गेला तो गेलाच," असं म्हणून त्याने हातातली पिशवी फाटकाला अडकवली आणि दुसऱ्या कोपऱ्याला पोट लावलं.

"हां, एकदम!" काका ओरडले. "हैऽऽ!"

हत्तीण फाटकातून गेली. पुढची चाकं उतारावर आली. मागचं ओझं एकाएकी हलकं झाल्याचं थोरलीला कळलं, गाडी आपली आपण धावू लागली, आणि मागून काकांचा आवाज आला, "आत्ता! आत्ता सोड!" तिने दुसऱ्यात टाकलेली दांडी घट्ट धरली आणि पाय हळू उचलला.

गाडी खोकली. एकदा, दोनदा. मागून काळा धूर सुटला. आणि मग तिच्या पोटातून तो आवाज आला, जाड, खालचा, छातीत गुरगुरणारा, जो ऐकून पूर्वी गल्लीतली मुलं 'हत्तीण आली' म्हणत बाहेर धावायची. थोरलीच्या पायांखाली सगळी फरशी थरथरू लागली. तिने ब्रेक दाबला. जरा जोरात दाबावा लागला, पण लागला. गाडी चालू ठेवून ती उताराच्या तळाशी थांबली आणि खिडकीतून मागे वळून पाहिलं.

सगळे उतारावरून धावत येत होते. धाकट्याच्या शर्टाचा रंग आता ओळखू येत नव्हता. सून हसत होती. भंगारवाला टाळ्या वाजवत होता, जणू गाडी त्यानेच विकत घेतली. काकूंनी एका हाताने आईला धरलं होतं, आणि आई ते सोडवून घेत नव्हती. सगळ्यांत मागे काका, बिनकाठीचे, बिनचष्म्याचे, चाचपडत येत होते. थोरली उतरायला निघाली, तोच आई उलटी फिरली. काकांपाशी गेली. त्यांच्या खिशातला चष्मा तिने काढला, पदराने पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

"बसा पुढे, भाऊजी," ती म्हणाली. "हिला धड गिअर टाकता येत नाही. शेजारी बसून सांगा. सकाळी पेपर वाचायला या आमच्याकडे, गाडी तिथेच असेल."

काकांनी चष्मा घातला. त्यांनी नुसती मान डोलावली आणि दार उघडून थोरलीच्या शेजारी येऊन बसले. थोडा वेळ समोरच्या काचेतून बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "हो लिहून घे माझं."

"घेतलं, काका."

"आणि चढावर पहिला. चढावर दुसऱ्यात नेऊ नकोस, दमते ती."

मागे धडपड झाली. फळ्या कुरकुरल्या. थोरलीने आरशात पाहिलं. धाकट्याने आईला वर चढवलं होतं. सून आणि काकूही चढल्या होत्या आणि फळीला टेकून बसल्या होत्या. फक्त आई मधोमध उभी होती. पाय फाकवून, हात अंगाशी, मान ताठ. झाड म्हणजे झाड. भंगारवाला रस्त्याच्या कडेला उभा राहून हात हलवत होता.

थोरलीने पहिला गिअर टाकला. हत्तीण निघाली. वळण घेताना तिने श्वास रोखला. खड्डा आला तसा तिने गाडीला त्यात हळूच उतरवलं आणि हळूच वर काढलं. आरशात आई जराशी डावीकडे कलली, पुन्हा सरळ झाली. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. शिंप्याने मशीन थांबवलं. कोणीतरी ओरडलं, "अरे, ही तर हत्तीण!" काका खिडकीतून हात बाहेर काढून त्याला म्हणाले, "मग काय तर!"

शेवटचा मोठा चढ लागला. त्याच्या वरच्या टोकाला रोपवाटिका होती, आणि छपराच्या वर नीलमोहरांचे शेंडे दिसत होते. इंजिनाचा आवाज खोल गेला. काकांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला. थोरलीने गाडी अशी चढवली, जशी भरलेली घागर डोक्यावरून नेतात. एक हिसका नाही, एक धक्का नाही.

अर्ध्या चढावर टपावर जोरात थापा पडल्या. धप्, धप्!

थोरलीने गाडी थांबवली, ब्रेकवर सगळा भार टाकला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय झालं? आई, लागलं का? पडलीस का?"

वरून आई वाकून बघत होती. तिचे केस सुटले होते, गाल तापले होते, आणि थोरलीने तिला असं हसताना पाहिल्याला किती वर्षं झाली, देव जाणे.

"थांबलीस कशाला?" आई ओरडली. "मला काही होत नाही. जरा जोरात घे!"